मुलांची केंद्रं बंद, 'फॅमिली हब' सुरू. तुमच्या कौन्सिलात काय झालं?

रानजाई | सोमवार, रात्री ९:४२

यूकेतल्या मंडळींसाठी प्रश्न आहे, पण कुणीही लिहा.

आमच्या कौन्सिलने (म्हणजे इथली नगरपालिका; लंडनच्या पश्चिमेला, नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील) लहान मुलांच्या सेवांची 'पुनर्रचना' काढली आहे. सध्या सात चिल्ड्रन्स सेंटर्स आहेत. त्यांतली तीन 'फॅमिली हब' (कुटुंबाच्या सगळ्या सेवा एकाच ठिकाणी) होणार, उरलेल्या चार इमारती 'पर्यायी वापरासाठी'. त्या भागांत आठवड्यातून एक दिवस लायब्ररीत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये 'आउटरीच'. शिवाय कौन्सिल स्वतः चालवते त्या दोन नर्सऱ्या बाहेरच्या संस्थेला देणार. यावर ऑनलाइन फॉर्ममधून लोकांचं मत मागवलंय. मुदत आठ आठवडे, त्यातले तीन आम्हाला पत्ता लागेपर्यंत संपले.

आमचं जवळचं सेंटर बंद होणाऱ्यांत आहे. लेक सव्वा वर्षाची. प्रॅम ढकलत चालत जाता येतं. वजन, हेल्थ व्हिजिटर (बाळांना तपासणारी नर्स), गुरुवारचं स्टे अँड प्ले (आईबापांनी मुलांना घेऊन खेळायला जायचं), सगळं तिथेच. हबला जायला दोन बस बदलाव्या लागतील. माझं मत सरळ आहे: पैसे वाचवायचेत आणि त्यावर नवी पाटी लावायची आहे. पण ज्यांच्याकडे हे आधी होऊन गेलंय त्यांना खरंच काय अनुभव आला? आणि असले फॉर्म भरून काही उपयोग होतो का, की रद्दीत जातात?

टेम्सकाठचा | सोमवार, रात्री १०:०५

आमच्याकडे कोविडच्या आधीच झालं. फॉर्म भरला, सही केली, सभेला गेलो. ठरलेलं होतं तेच झालं. फॉर्ममधला प्रश्न असा होता: 'कुटुंबांना एकाच ठिकाणी अधिक सेवा मिळाव्यात याच्याशी तुम्ही सहमत आहात का?' आता याला नाही कोण म्हणणार?

कोथिंबीरवडी | सोमवार, रात्री १०:११

दोन बस! जुळ्यांची प्रॅम घेऊन एक बस धरून दाखवा, मग बोलू. ड्रायव्हर लांबूनच मान हलवतो.

ओवी_लेस्टर | सोमवार, रात्री १०:३०

मी जरा उलट लिहिते. आमच्या भागात हब झालं तेव्हा मीही चरफडले होते. पण माझा मोठा उशिरा बोलायला लागला. जुन्या सेंटरात 'जीपींना (फॅमिली डॉक्टरांना) भेटा', जीपीकडे 'हेल्थ व्हिजिटरला विचारा', हेल्थ व्हिजिटर म्हणे 'रेफरल पाठवलंय'. हबमध्ये स्पीच थेरपिस्टचा ड्रॉप-इन (अपॉइंटमेंटशिवाय जायचं) होता. नाव नोंदवून बसलो, पंधरा मिनिटं तिने त्याच्याशी खेळत खेळत पाहिलं आणि घरी काय करायचं ते सांगितलं. मराठी बंद करू नका, हेही तिनेच ठामपणे सांगितलं. तोपर्यंत निम्मे नातेवाईक 'दोन भाषांमुळे घोळ होतोय' म्हणत होते.

वर हब १९ वर्षांपर्यंत (विशेष गरजा असतील तर २५ पर्यंत) सगळ्यांसाठी आहे. तेव्हा मोठ्या मुलाची शाळेतली कटकट आणि धाकटीचं वजन एकाच इमारतीत उरकतं. हब वाईट असतं असं नाही. तुमचं हब लांब आहे, हा प्रश्न आहे.

रानजाई | सोमवार, रात्री १०:४४

@ओवी, मुद्दा मान्य. पण १९ वर्षांपर्यंतच्यांना तेवढ्याच पैशात सामावून घेणार असतील तर बाळांच्या वाट्याला काय उरणार?

झंपूकाका | सोमवार, रात्री ११:१०

स्पष्ट बोलतो, राग नसावा. पोरं आपली, सांभाळायची कौन्सिलने? आपल्या आया कुठल्या स्टे अँड प्लेला जात होत्या? पाच-पाच पोरं वाढवली, एक हेल्थ व्हिजिटर दारात आली नाही. कौन्सिल टॅक्स आधीच कंबर मोडतोय. तीन सेंटर पुरे की.

कोथिंबीरवडी | सोमवार, रात्री ११:१४

काका, तुमची आई वाड्यात राहत होती. खाली सासू, वर जाऊ, शेजारी आत्या. पाच पोरं तिने एकटीने नाही वाढवली, अख्ख्या वाड्याने वाढवली. इथे मी चारच्या अंधारात खिडकीशी बसून नवऱ्याच्या ट्रेनची वाट बघते.

झंपूकाका | सोमवार, रात्री ११:२०

वाड्यात भांडणंही होती हो. ती तुमच्या वाट्याला आली नाहीत हे नशीब समजा. :)

बेरीजवजाबाकी | मंगळवार, सकाळी ७:५०

मी एका कौन्सिलात फायनान्समध्ये आहे (रानजाईंच्या नव्हे). कामावर जाताना लिहितोय, तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

हे सगळं आलं कुठून? १९९९ मध्ये लेबर सरकारने 'शुअर स्टार्ट' ही लहान मुलांच्या कुटुंबांसाठीची योजना सुरू केली, आधी फक्त गरीब वस्त्यांत. २००४ नंतर त्यांची चिल्ड्रन्स सेंटर्स झाली आणि सगळीकडे पसरली. २०१० मध्ये इंग्लंडभर ३,६०० च्या आसपास होती. तोवर पैसा याच कामासाठी बांधलेला यायचा. २०११ मध्ये ती अट गेली. सरकार म्हणालं, हा घ्या एकत्र निधी, हवा तसा वापरा. आणि तो एकत्र निधीही कमी होत गेला.

आता कौन्सिलच्या बाजूने बघा. वृद्धांची आणि अपंगांची काळजी, आईबापांपासून काढून ठेवावी लागलेली मुलं, विशेष गरजा असलेल्या मुलांना शाळेत नेणाऱ्या टॅक्सी, बेघर कुटुंबांचा निवारा. हे कायद्याने द्यावंच लागतं आणि खर्च दरवर्षी फुगतो. चिल्ड्रन्स सेंटरही कायद्यात आहे, पण किती हवीत? तर 'पुरेशी'. आकडा नाही. त्यामुळे कात्री घेऊन बसल्यावर कुठे चालते ते कळलंच असेल. स्लाऊ २०२१ मध्ये आणि बर्मिंगहॅम २०२३ मध्ये कलम ११४ पर्यंत पोचलं, म्हणजे खर्चाचा मेळ बसत नाही अशी नोटीस, आणि कायद्याने द्यावा लागतो तो सोडून नवीन खर्च बंद. तिथे तर काय वाचवायचं एवढाच प्रश्न उरतो.

हब एकदम सगळीकडे का उगवली? कारण पैसा त्या नावाने येतोय. २०२२ मध्ये आधीच्या सरकारने ७५ कौन्सिलांना हबसाठी निधी दिला. जुलै २०२५ मध्ये या सरकारने 'बेस्ट स्टार्ट फॅमिली हब' जाहीर केली: प्रत्येक कौन्सिलच्या हद्दीत, २०२८ अखेरपर्यंत हजारापर्यंत. ३,६०० कुठे आणि १,००० कुठे, हा हिशोब मी वेगळा मांडायला नको.

टेम्सकाठचा | मंगळवार, सकाळी ८:१५

बेरीज साहेब, नाव सार्थ केलंत.

मिहिर_र | मंगळवार, सकाळी ९:०२

झंपूकाकांच्या 'तीन सेंटर पुरे' या मुद्द्यावर. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संशोधन संस्थेने शुअर स्टार्टमधून गेलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढलाय. २०२४ च्या अहवालात आहे की पहिली पाच वर्षं सेंटरच्या जवळ राहिलेली मुलं सोळाव्या वर्षी जीसीएसईत (इथली दहावी) पुढे होती. शाळेत मोफत जेवण मिळणाऱ्या गरीब घरांतली मुलं तर एकूण तीन ग्रेडनी पुढे. २०२५ मध्ये त्यांनी हिशोबही मांडला: खर्चलेल्या एका पौंडामागे फायदा साधारण दोन पौंडांचा.

पण त्याच अहवालातला दुसरा भाग कुणी सांगत नाही. हा फायदा जवळजवळ सगळा सुरुवातीच्या सेंटर्सचा आहे. त्यांच्याकडे भरपूर पैसा होता आणि माणसं घरोघरी जाऊन कुटुंबांना घेऊन यायची. नंतर जी पसरट आणि पातळ सेंटर्स निघाली त्यांचा असा परिणाम दिसला नाही. म्हणजे रानजाई, नुसती सात इमारती उघड्या ठेवूनही भागत नाही, आणि तुमच्या कौन्सिलची तीन चकाचक हबही पुरत नाहीत. दार ठोठावायला कोण जाणार, हे विचारा.

झंपूकाका | मंगळवार, सकाळी ९:४०

एका पौंडाचे दोन? सोळा वर्षं थांबलं तर माझं आयएसएही (करमुक्त बचत खातं) देतं तेवढं.

नवखा_पुणेकर | मंगळवार, दुपारी १२:२५

जरा आडवा प्रश्न. आम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर आहोत, त्यावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी भत्त्यांचा हक्क नाही) अशी अट आहे. बायको बाळाला घेऊन सेंटरला जायला घाबरते, उद्या व्हिसा वाढवताना अडकलो तर? आणि ऑफिसात सगळे आठवड्याला नर्सरीचे ३० तास मोफत म्हणतात, ते आम्हाला मिळतात का?

निमाताई | मंगळवार, दुपारी १:१०

@नवखा, मी इथल्या नर्सरीत डेप्युटी मॅनेजर आहे, हा प्रश्न दर महिन्याला येतो. बिनधास्त पाठवा तिला. चिल्ड्रन्स सेंटर, हब, हेल्थ व्हिजिटर, शाळा हे 'पब्लिक फंड्स'च्या यादीत नाहीत. त्या यादीत युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, घरभत्ता, कौन्सिलचं घर असलं येतं. स्टे अँड प्लेला गेल्याने कुणाचा व्हिसा अडत नाही.

तासांचं असं आहे. नोकरदार आईबापांसाठी सप्टेंबर २०२५ पासून नऊ महिन्यांच्या बाळापासून ३० तास आहेत. पण त्यासाठी दोघांपैकी निदान एकाला तरी पब्लिक फंड्सचा हक्क लागतो. तुम्ही दोघंही व्हिसावर असाल तर नाही मिळत. तिसऱ्या वाढदिवसानंतरच्या टर्मपासून १५ तास मात्र सगळ्या मुलांना, व्हिसा कुठलाही असो. मधे दोन वर्षांच्यांसाठी कमी उत्पन्नाच्या घरांना १५ तास आहेत, ते तुमच्यासारख्यांनाही मिळू शकतात. करानंतरचं उत्पन्न आणि बँकेतली शिल्लक दोन्ही बघतात. कौन्सिलकडे अर्ज करून बघा.

ऑफिसातल्यांना एक सांगा: ३० तास म्हणजे वर्षातले ३८ आठवडे. वर्षभर पसरवले तर आठवड्याला २२ च्या आसपास पडतात. वर जेवण-नॅपीचे पैसे वेगळे. आणि दर तीन महिन्यांनी कोड पुन्हा कन्फर्म करायचा. विसरलात तर पुढच्या टर्मला आमच्या ऑफिसात येऊन रडतात, आणि आम्हाला काही करता येत नाही.

एडिनबराकर | मंगळवार, दुपारी २:००

स्कॉटलंडमध्ये तीन-चार वर्षांच्या सगळ्या मुलांना वर्षाला १,१४० तास, ऑगस्ट २०२१ पासून. नोकरी करता का, पगार किती, काही विचारत नाहीत. या इकडे.

कोथिंबीरवडी | मंगळवार, दुपारी २:०४

आणि ऊन?

एडिनबराकर | मंगळवार, दुपारी २:०५

त्याचे तास मोजतोय अजून.

साताऱ्याची_सून | मंगळवार, संध्याकाळी ७:४५ (भारतीय वेळ)

मी भारतातूनच वाचते, पण धागा बघून राहवलं नाही. माझ्या सासूबाई अंगणवाडी सेविका होत्या, पाटणच्या वरच्या अंगाला. चारशे ते आठशे वस्तीला एक अंगणवाडी, डोंगरातल्या लहान वाड्यांना मिनी अंगणवाडी. दीड खोली, मागच्या बाजूला चूल. आढ्याला झोळीचा काटा टांगलेला. पोर झोळीत घातलं की भोकाड पसरायचं, आणि ते थांबून काटा स्थिर होईपर्यंत सासूबाई चुटक्या वाजवत उभ्या. वजन तक्त्यावर टिंब देऊन भरायचं. टिंब खालच्या रंगात गेलं की त्या संध्याकाळी त्या घरी जायच्या. बोलावून घ्यायच्या नाहीत हं, स्वतः जायच्या. 'बोलावलं की सून येत नाही, सासू येते आणि सगळं बरं आहे म्हणते,' असं त्यांचं म्हणणं.

तुमच्या मिहिररावांनी दार ठोठावायचं लिहिलंय ना, ते हेच. बाकी आमच्याकडे काही सोनं पिकत नाही. मानधन तुटपुंजं, कामं ढीगभर, मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरता भरता पोरांकडे बघायला वेळ नाही. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभर संप झाला, तो जानेवारीच्या शेवटी मिटला. तेवढे दिवस पोरांचा खाऊ बंद. तरी अंगणवाडी गावातून उचलून तालुक्याला नेतो असं कुणी म्हटलं, तर गाव ऐकणार नाही.

आजोबा_६८ | मंगळवार, रात्री ८:२० (भारतीय वेळ)

साताऱ्याच्या सूनबाईंनी विषय काढलाच आहे तर. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ची. पण त्याच्या तीस वर्षं आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं होतं. पाड्यावरची पोरं शाळेत येत नाहीत, म्हटल्यावर बायाच पाड्यावर जायच्या आणि अंगणात वर्ग भरायचा. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा. इंग्लंडच्या मंडळींनी हा अभ्यास आधी केला असता तर इन्स्टिट्यूटला एवढे कष्ट पडले नसते.

मिहिर_र | मंगळवार, दुपारी ३:०५

आजोबा, अहवाल लिहिणाऱ्यांना कळवतो. :)

रानजाई | मंगळवार, रात्री ९:३०

आजोबा, साताऱ्याची_सून, फार छान लिहिलंत. मला सेंटर का हवंय ते सांगते, म्हणजे काकांनाही कळेल.

सासूबाई आल्या आहेत, व्हिजिटर व्हिसावर. पहिल्यांदा सेंटरला नेलं तेव्हा वजनासाठी बाळाला उघडं केलेलं बघून हेल्थ व्हिजिटरवर अशा डोळे वटारून बसल्या की मीच मेले. थंडीत लेकराला नागडं करतात म्हणे, घरी गेल्यावर ओवा शेकला. पुढच्या गुरुवारी स्वतःच तयार होऊन बसल्या. तिथे एक अफगाण आजी येते, तिला हिंदी येतं. दोघी त्या लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसतात आणि दात येताना काय द्यायचं यावर तासभर वाद घालतात. सासूबाई डिंकाचा लाडू घेऊन गेल्या, तिने कसलासा शिरा आणला. एका इंग्लिश मुलीला, वीसेक वर्षांची असेल, बाळ तिसऱ्या आठवड्यातलं, सासूबाईंनी पाठीला उशी कशी लावायची ते खुणांनी दाखवलं. ती मुलगी पुढच्या वेळी शोधत आली, 'वेअर इज द ग्रॅन'.

यातलं काहीही कुठल्या 'सेवा यादी'त नाही. हबला अपॉइंटमेंट घेऊन गेलं की काम होईल, पण अशी कुणाची गाठ पडणार नाही. आणि सासूबाई एकट्या दोन बस बदलून जाणार नाहीत, हे नक्की.

कोथिंबीरवडी | मंगळवार, रात्री ९:४१

डिंकाचा लाडू नर्सरीत चालतो का? नट्सची बंदी असते ना?

निमाताई | मंगळवार, रात्री ९:५०

नर्सरीत बिलकुल नाही. डब्यात काजू सापडला तर आम्ही सगळे टेबलाखाली. सेंटरातही विचारूनच न्या.

दीपाली_मि | मंगळवार, रात्री १०:०२

डिंक तळताना फुलत नाही माझा. कुठला आणता तुम्ही?

रानजाई | मंगळवार, रात्री १०:०६

सासूबाई नागपूरहून आणतात. तूप कमी तापतंय तुझं.

विदर्भकन्या | मंगळवार, रात्री १०:२०

नागपूरचा डिंक म्हणजे धावड्याचा! बाभळीचा घेऊ नका, चिकट होते.

झंपूकाका | मंगळवार, रात्री १०:३१

बघा. कौन्सिलचा धागा, पोचला धावड्यावर. आजीचा मुद्दा मात्र पटला. इमारत ठेवा, बाकीचे मॅनेजर काढा.

कलमबहाद्दर | बुधवार, सकाळी १०:४०

कायद्याचं थोडं. चाइल्डकेअर ॲक्ट २००६ प्रमाणे चिल्ड्रन्स सेंटर बंद करण्याआधी किंवा त्यात मोठा बदल करण्याआधी कौन्सिलला लोकांशी सल्लामसलत करावीच लागते. ती नुसती दाखवायची चालत नाही. १९८५ मध्ये ब्रेंट कौन्सिलविरुद्धच्या गनिंग खटल्यात कसोट्या घालून दिल्या आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हॅरिंगेच्या खटल्यात त्या उचलून धरल्या: निर्णय ठरायच्या आधी विचारा, लोकांना समजेल इतकी माहिती द्या, पुरेसा वेळ द्या, आणि आलेली उत्तरं खरोखर विचारात घ्या.

टेम्सकाठच्यांनी लिहिलेला 'सहमत आहात का' छापाचा प्रश्न दुसऱ्या कसोटीत अडकतो. बंद होणाऱ्या चार ठिकाणांची नावं आणि दुसरे पर्याय का नाकारले, ते कागदात नसेल तर तसं लिहून कळवा. इक्वॅलिटी ॲक्ट २०१० खाली गर्भवती आणि बाळंतिणींवर काय परिणाम होईल हेही त्यांना तपासावं लागतं. तो मूल्यमापनाचा कागद मागा. बहुतेक वेबसाइटवर खोल कुठेतरी टाकलेला असतो.

मात्र एवढ्यावर सेंटर वाचतं असं समजू नका. नीट विचारून, नीट ऐकून, मग बंद करणं कायदेशीर आहे.

सरेवाली | बुधवार, दुपारी १:१५

आमच्याकडे सरेमध्ये (लंडनशेजारची कौंटी, म्हणजे जिल्हा) तर मुळात कौन्सिलच बदलतेय. एप्रिल २०२७ मध्ये कौंटीची कौन्सिल आणि तिच्या खालच्या ११ बरो-डिस्ट्रिक्ट कौन्सिल सगळं जाऊन दोन नव्या कौन्सिल होणार, पूर्व आणि पश्चिम. मुलांच्या सेवा आज कौंटीकडे. सेंटरमधल्या बाईंना विचारलं पुढचं काय, तर म्हणाल्या, 'माझ्या पगारपत्रकावर कुणाचं नाव येईल तेही माहीत नाही.'

रानजाई | शनिवार, संध्याकाळी ५:२०

आज लायब्ररीत कौन्सिलची ड्रॉप-इन बैठक होती, जाऊन आले. उपस्थिती: दोन अधिकारी, एक नगरसेविका, आम्ही आठ-दहा आया, एक बाप, आणि गारठ्यापासून पळून आलेले दोन आजोबा. टेबलावर बिस्किटं आणि नकाशा. नकाशावर हबभोवती गोल काढलेले. मी विचारलं हे अंतर कशाने मोजलंय, तर सरळ रेषेत. मधे रेल्वे लाइन आहे! पूल फक्त पायऱ्यांचा. प्रॅमवाली बाई सरळ रेषेत उडत जाणार का? अधिकाऱ्याने लिहून घेतलं, चेहरा जरा उतरला.

आउटरीच कोण करणार विचारलं. चार भागांसाठी मिळून दीड पद. मिहिर, तुमचा मुद्दा तिथेच मांडला.

आमच्या सेंटरची इमारत विकणार नाही म्हणाले, खासगी नर्सरीला भाड्याने देणार. हे ऐकून बऱ्याच जणी खूश झाल्या. हे चांगलं आहे का?

बेरीजवजाबाकी | शनिवार, संध्याकाळी ६:०५

त्यामागची गोम सांगतो. या इमारती सरकारी भांडवली अनुदानातून बांधल्यात. लहान मुलांच्या कामासाठी वापरणं थांबवलं तर सरकार ते पैसे परत मागू शकतं. नर्सरीला दिली की वापर चालू राहिला, पैसे परत करायला नकोत, वर भाडं सुरू. कौन्सिलच्या जागी मीही हेच सुचवलं असतं. तुम्ही मात्र दोन गोष्टी लेखी विचारा: अनुदान परत करावं लागेल का आणि किती, आणि नर्सरीच्या करारात आठवड्यातून दोन सकाळी एक खोली स्टे अँड प्ले आणि वजनासाठी राखून ठेवता येईल का. अशी अट करारावर सही व्हायच्या आधीच घालता येते, नंतर नाही.

निमाताई | शनिवार, संध्याकाळी ६:३०

खोलीची अट छान आहे. पण दोन कौन्सिल नर्सऱ्यांचंही विचारा, त्या सगळे विसरतात. दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक माणूस लागतो, दोन वर्षांच्या पाचांमागे एक. जास्त आधार लागणारी मुलं खासगीवाले 'सध्या जागा नाही' म्हणून परत पाठवतात आणि ती कौन्सिलच्या नर्सरीत येतात. मी स्वतः खासगीत आहे, तरी सांगते. संस्था बदलली तर त्या मुलांच्या जागा किती वर्षं राखून राहतील, ते करारात हवं.

टेम्सकाठचा | शनिवार, रात्री ८:००

मी सुरुवातीला 'उपयोग नाही' लिहिलं, अजूनही फारशी आशा नाही. पण एक हत्यार आपण वापरतच नाही. भारतीय नागरिक कॉमनवेल्थमध्ये येतात. इथे कायदेशीर व्हिसावर राहत असाल तर मतदार यादीत नाव घालता येतं, कौन्सिलच्या निवडणुकीलाही आणि संसदेच्याही. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. निम्म्या मराठी मंडळींना हे माहीत नसतं. नगरसेविका बिस्किटं खात बसली होती ना, तिला वॉर्डातल्या दोनशे मतांची भाषा लगेच कळते.

नवखा_पुणेकर | शनिवार, रात्री ८:१२

काय सांगता! व्हिसावर मत देता येतं? आजच नोंदवतो. बायको गुरुवारी पहिल्यांदा सेंटरला जाऊन आली बरं का. निमाताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला तिला.

रानजाई | रविवार, सकाळी १०:५०

फॉर्ममध्ये मोकळी जागा फक्त शेवटच्या प्रश्नाला आहे. हे लिहितेय, सुधारणा सुचवा:

'रेल्वे लाइनच्या पलीकडच्या घरांसाठी अंतर चालण्याच्या रस्त्याने पुन्हा मोजावं. सध्याच्या इमारतीतली एक खोली आठवड्यातून दोन सकाळी, अपॉइंटमेंटशिवाय, खुली ठेवण्याची अट भाडेकरारात घालावी. आउटरीचच्या दीड पदाने महिन्याला किती घरांना भेटी देणं अपेक्षित आहे ते जाहीर करावं. नर्सऱ्यांमधल्या जास्त आधार लागणाऱ्या मुलांच्या जागा करारात राखाव्यात. नाकारलेले पर्याय प्रसिद्ध करावेत.'

सासूबाईंचा मुद्दा यात कसा बसवू ते कळत नाहीये.

ओवी_लेस्टर | रविवार, सकाळी ११:१५

बसवायचा कशाला, त्यांचा वेगळा फॉर्म भर. सेवा वापरणारी व्यक्ती असा पर्याय असतो, तिथे आजी-आजोबा असतं. मराठीत सांगू देत, तू इंग्रजीत लिही. आणि हबमध्ये स्पीच थेरपीचा ड्रॉप-इन मागायला विसरू नकोस, तेही घाल.

कलमबहाद्दर | रविवार, सकाळी ११:४०

'पुन्हा मोजावं'च्या पुढे 'आणि तोवर निर्णय घेऊ नये' घाला.

झंपूकाका | रविवार, दुपारी १२:३०

मॅनेजरांचं घाला की एक वाक्य.

कोथिंबीरवडी | रविवार, दुपारी १२:४४

रानजाई, पायऱ्यांचा पूल, मधे रेल्वे लाइन, लायब्ररीत गारठलेले आजोबा... अगं, आपण एकाच गावात राहतो बहुतेक! जुळ्यांना घेऊन त्या पुलावरून दर आठवड्याला मी 'एक्स्क्यूज मी' करत असते. संपर्कातून निरोप पाठव. कागदी फॉर्म लायब्ररीत मिळतात का ते सांग, माझ्या इमारतीत चार घरं आहेत ज्यांना ऑनलाइन जमत नाही.

रानजाई | रविवार, दुपारी १२:५८

मिळतात, काउंटरवर मागावे लागतात, समोर ठेवलेले नाहीत. मी गठ्ठाच उचललाय, वीसेक असतील. निरोप पाठवलाय बघ.